यंत्र मेलं हे कुणी ठरवलं?

(अभ्यासिकेत भरलेल्या युवकांच्या बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कवितेवर बोलणार नाही. कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांना त्याचं मानधनही मिळतं. मी या टेबलावर ठेवलेल्या काळ्या डब्यावर बोलणार आहे. मागच्यांना दिसत नसेल तर पुढं सरका.

याचं नाव थिंकपॅड एक्स २३०. २०१२ सालचं मॉडेल. साडेबारा इंची पडदा, वजन दीड किलोच्या आसपास. जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत मावतो. आत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. कुठल्यातरी साहेबानं वापरला, त्याच्या ऑफिसनं घाऊक भावात काढला, फिरत फिरत तो लॅमिंग्टन रोडला आला आणि मी साडेसहा हजाराला उचलला. देताना दुकानदार म्हणाला, "भाऊ, पिक्चर बघायला ठीक आहे. बाकी मेलेला माल."

आता माल मला कुणी शिकवू नये. गोदीत भिजलेला माल बघितलाय, सडलेला बघितलाय, उंदरांनी खाल्लेला बघितलाय. हा तसा नव्हता. बटण दाबलं की दिवा लागत होता, पंखा फिरत होता, एक कळ सैल नव्हती. मग याला मारला कुणी?

कागद बघू. विंडोज १० ला सुरक्षेचे मोफत अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ. पुढचं विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला, ते दारात वॉचमन बसवूनच आलं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा पाहिजे. टीपीएम नावाची सुरक्षेची चिप असते, ती २.० पाहिजे. एक्स २३० ची पिढी तिसरी, चिप १.२. झालं. पिढी विचारून दारातून परत. तुमच्यातले काही हसले, त्यांना कळलं मी काय म्हणतोय ते.

सुरक्षेचं कारण अगदीच खोटं आहे असं मी म्हणत नाही. नव्या चिपनं काही गोष्टी खरंच घट्ट होतात. पण ज्याच्या घरी एकच यंत्र आहे, तेही तिघांत एक, त्याच्या सुरक्षेची काळजी म्हणून त्याचं यंत्रच रद्दीत काढायचं, हा कुठला हिशोब? बरं, रद्दीत काढलेलं जातं कुठं? कुर्ल्याला, साकीनाक्याला, धारावीला. दिल्लीत सीलमपूरला. तिथं पोरं हातोडीनं फोडतात, तांब्यासाठी वायरी जाळतात, सर्किटातलं शिसं फुप्फुसात घेतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, कागद चांगला आहे. पण धूर कागद वाचत नाही. आणि तो धूर कुणाच्या वस्तीत निघतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

तर हा डबा रद्दीत न घालता याच्यात लिनक्स घातलं. दोन संध्याकाळी गेल्या. पहिली समजून घेण्यात, दुसरी करण्यात. ते कसं, हे सांगायला मी उभा आहे.

लिनक्स म्हणजे काय, थोडक्यात सांगतो. यंत्राचं लोखंड वेगळं आणि त्याला हलवणारा मुकादम वेगळा. विंडोज हा एक मुकादम. मुकादम बदलता येतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी ज्या क्लासात कॉम्प्युटर शिकलो तिथं तीन महिने फी घेऊन एकदाही हे सांगितलं नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसानं १९८३ साली ग्नू नावाचं काम जाहीर केलं. त्याचं म्हणणं असं, की प्रोग्राम ज्याच्या यंत्रावर चालतो त्याला तो कशासाठीही चालवता आला पाहिजे, उघडून वाचता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे आणि दुसऱ्याला देता आला पाहिजे. त्यानं हे नुसतं भाषणात ठेवलं नाही, परवान्याच्या कायदेशीर कागदात बांधलं. घेणाऱ्यानं पुढं देताना हेच हक्क द्यायचे, ही अट. मग २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं, की मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. तुमच्याच वयाचा पोरगा. त्याचा गाभा आणि ग्नूची अवजारं मिळून आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ते झालं.

पण याची आरती ओवाळू नका. आज या गाभ्याचं बरंचसं काम मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी लोक करतात, कारण त्यांचे सर्व्हर यावर चालतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइडही याच गाभ्यावर चालतो, तरी त्यात तुम्ही मालक आहात का? कंपनीनं घातलेली ॲपं काढून बघा जरा. तेव्हा लिनक्स हे नाव ऐकून कुणी मुक्त होत नाही. परवाना हातात आहे, तो वापरायची अक्कलही हातात पाहिजे.

आता कामाचं. आधी लोखंड.

या मॉडेलात बॅटरी मागून खिट्टी सरकवून निघते. पहिलं काम ते, बॅटरी काढा, चार्जर काढा. पोटाखाली दोन स्क्रूंचं झाकण आहे, त्याखाली रॅमच्या दोन खाचा. डीडीआर-थ्री जातीची लॅपटॉपची रॅम लागते. माझ्यात ४ जीबीची एक पट्टी होती, दुसरी ४ ची जुन्या बाजारातून आणली, ८ झाली. बाजूला एका स्क्रूखाली हार्ड डिस्क. फिरणारी डिस्क काढून तिथं एसएसडी घातली, २४० जीबीची. लक्षात ठेवा, या खाचेत ७ मिलिमीटर जाडीचीच मावते, साडेनऊची जाड डिस्क आत जात नाही, ठोकाठोकी करू नका. माझं मत विचाराल तर पैसे थोडेच असतील तर रॅमआधी एसएसडी घ्या. जुनं यंत्र रडतं ते बहुतेक त्या फिरणाऱ्या तबकडीपायी.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. या एक्स २३० च्या पोटात, विंडोजच्याही खाली, यंत्राला जागं करणारा एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. त्याला बायॉस म्हणतात. त्याच्याजवळ वायफाय कार्डांची एक यादी असते. यादीतलं कार्ड असेल तर पुढं जा. यादीबाहेरचं, कितीही चांगलं कार्ड घाला, यंत्र चालू होताना थांबतं आणि पडद्यावर येतं: १८०२, अनधिकृत नेटवर्क कार्ड, यंत्र बंद करा आणि ते काढा. बॅटरीचंही तेच, परक्या बनावटीची असेल तर ते तिला चार्ज करायला नकार देतं. कार्ड काम करतं की नाही हा प्रश्नच नाही. ते यादीत आहे का, एवढाच प्रश्न. माझ्यात मूळचं इंटेलचं कार्ड होतं म्हणून मला ही वेळ आली नाही. पण वाचलं तेव्हा मी त्या आकड्याकडं बराच वेळ बघत बसलो. १८०२. लिनक्स घातल्यानं ही यादी जात नाही, ती त्याच्या खालच्या मजल्यावर आहे. तिलाही उडवणारी माणसं आहेत, कोअरबूट नावाचा मोकळा बायॉस या मॉडेलवर चालतो, पण त्याला सहसा यंत्र उघडून चिपला चिमटा लावावा लागतो. ते काम पहिल्याच दिवशी करायचं नाही.

पुढं. लिनक्सच्या शेकडो जाती आहेत, आणि त्यावर भांडणारे हजारो. नवखा माणूस तिथंच दमतो. मी डेबियन घेतलं. १९९३ साली इयन मर्डॉकनं सुरू केलेलं, मागं कुठल्या एका कंपनीची मालकी नाही, जगभरची माणसं मिळून चालवतात, मतदानानं निर्णय घेतात. २०२२ साली त्यांनी असंच मतदान केलं, की वायफायसारख्या तुकड्यांना लागणारं बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच घालायचं. तत्त्वाला थोडी मुरड पडली, पण गरिबाचं वायफाय पहिल्या दिवसापासून चालू झालं. मला हा निर्णय पटतो. डेबियन १३ आलं ऑगस्ट २०२५ मध्ये, एका आवृत्तीला साधारण पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. वरचं रूप एक्सएफसीई घ्या, हलकं आहे. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी लिनक्स मिंटचं एक्सएफसीई घ्यावं, त्यात कमीपणा नाही. मात्र यंत्र अगदी जुनं, ३२ बिटचं असेल, त्या इवल्याशा नेटबुकांसारखं, तर डेबियन १३ त्यावर बसणार नाही. ३२ बिटचा इन्स्टॉलर १२ बरोबर संपला.

मित्राच्या चालू यंत्रावरून डेबियनची लाइव्ह फाइल उतरवा. ती ३ जीबीच्या वर जाते. कुणाच्या मोबाइलचा डेटा खाणार ते आधी ठरवा, नंतर भांडणं नकोत. नेटवरून थोडं थोडं ओढणारी छोटी फाइलही आहे, एक जीबीच्या आतली. फाइल उतरली की तिची टॅली करा. गोदीत माल उतरला की टॅली क्लार्क आकडा जुळवतो, नग कमी नाही ना, बदललेला नाही ना. इथंही तसाच लांबलचक आकडा असतो, त्याला एसएचए-२५६ म्हणतात. डेबियननं जाहीर केलेला आकडा आणि तुमच्या फाइलचा आकडा अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. विंडोजवर सर्टयूटिल नावाची आज्ञा हा आकडा काढून देते. हे काम लोक टाळतात. टाळू नका. आपल्यापर्यंत येता येता बदललेल्या मालाचा आपल्याला जुना अनुभव आहे.

मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि रुफस नावाचा छोटा प्रोग्राम. फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रुफसनं लिहावी लागते. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

आता पेनड्राइव्ह खोचा, यंत्र चालू करा आणि चालू होता होता एफ-१२ दाबा. यादी येईल, त्यातून पेनड्राइव्ह निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका. आधी लाइव्ह चालवा. म्हणजे सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच उठते, आतल्या डिस्कला हात लागत नाही. पाहुण्यासारखं बसून घर बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून परत उघडलं तर जागं होतं का. एक्स २३० वर हे सगळं चालतं, मधली ती लाल टिकलीसुद्धा. दुसऱ्या काही लॅपटॉपवर वायफाय अडतं. तेव्हा घाबरायचं नाही, अँड्रॉइड मोबाइल वायरीनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला नेटवर्क म्हणून बहुतेक वेळा लगेच ओळखतं.

मागून विचारतायत, जुन्या फाइलींचं काय? बरोबर विचारलंत. इन्स्टॉलर एका ठिकाणी विचारतो, सगळी डिस्क वापरू का. हो म्हटलं की आतलं सगळं गेलं. जातीचा दाखला, मार्कशीटचं स्कॅन, शिष्यवृत्तीचे कागद, आईचा एकुलता एक फोटो, सगळं. म्हणून या पायरीच्या आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी. एक नाही, दोन. या खोलीत जे यंत्र येईल त्याच्या मालकानं मला दोन्ही कॉपी उघडून दाखवल्याशिवाय मी पेनड्राइव्ह खोचणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तपासणी झाली की यंत्र परत चालू करून त्याच पेनड्राइव्हच्या मेनूतून इन्स्टॉलर निवडा. चित्रांचा, म्हणजे ग्राफिकल घ्या. पहिलाच प्रश्न येतो भाषेचा. यादी खाली ओढत जा. तिथं लिहिलंय: मराठी. देवनागरीत. कुणी उपकार म्हणून नाही, आपल्या भाषेच्या माणसांनी बसून एकेक वाक्य भाषांतरित केलंय म्हणून. ती मराठी थोडी सरकारी आहे, तहसीलदाराच्या नोटिशीसारखी. कुणाला त्याचा राग येत असेल तर चांगलंय, वाक्यं सुधारायला दार उघडं आहे. इंग्रजीत पस्तीस मार्क घेऊन दहावी सुटलेल्या मला डिस्कच्या वाटणीचा प्रश्न मराठीत वाचता आला, हे मला कमी वाटत नाही. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड मात्र रोमन अक्षरांत ठेवा.

मध्येच तो 'रूट'चा पासवर्ड मागतो. रूट म्हणजे या यंत्रावरचा सर्वाधिकारी, त्याला काहीही करता येतं, मोडतासुद्धा. ती जागा रिकामी सोडली तर डेबियन रूटला कुलूप घालतं आणि पहिल्या वापरकर्त्याला लागेल तेव्हा तो अधिकार वापरू देतं, पासवर्ड विचारून. एकट्याच्या यंत्राला हे ठीक. अभ्यासिकेच्या सामाईक यंत्रावर हा अधिकार दोघांकडे असावा, एकाकडे नको. का, ते विचारू नका, आपल्या संघटनेत पाच वर्षं आहात तुम्ही.

वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. पेनड्राइव्ह काढा, यंत्र परत चालू करा. माझं हे अर्ध्या मिनिटाच्या आत उठतं. सिस्टिम स्वतः रॅममधली एक जीबीही खात नाही. खातो तो ब्राउझर. पंधरा टॅब उघडून यंत्र हळू झालं अशी तक्रार घेऊन माझ्याकडं येऊ नका. यूट्यूबनं पंखा बोंबलतो त्यालाही कारण आहे. हा जुना ग्राफिक्स तुकडा एच-२६४ पद्धतीचा व्हिडिओ स्वतः उलगडतो, यूट्यूबच्या नव्या पद्धतींचा नाही. मग सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर. एच-२६४ च मागवणारी छोटी जोडणी ब्राउझरला मिळते, ती घातली की पंखा गप्प.

आता लिहिण्याचं, कारण शेवटी त्यासाठीच मी हे केलं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा. इनस्क्रिप्ट शिका, फोनेटिकच्या नादाला लागू नका. आठवडाभर बोटं शिव्या देतील, मग सरळ होतील. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. र च्याच कळीवर शिफ्ट दाबला की ऱ येतो, त्याला पाय मोडून य जोडला की खाऱ्या वाऱ्याचा ऱ्या येतो. मोबाइलवर कितीतरी जण 'वार्‍या'च्या जागी 'वार्या' लिहून मोकळे होतात. गोदीवर राहणाऱ्या माणसाला खारा वारा नीट लिहिता येऊ नये, हे चालणार नाही. लिहायला लिब्रेऑफिस आहे. अंकाची पानं लावायला स्क्रायबस आहे, २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून त्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात.

आणि अडतं कुठं, तेही ऐका, नाहीतर म्हणाल याला कुणी कमिशन देतं. आपल्या अंकांच्या जुन्या फाइली आहेत त्या पेजमेकरच्या, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतल्या. त्या युनिकोडमध्ये नाहीत. इथं उघडायला गेलात तर पेजमेकर चालत नाही, आणि नुसता मजकूर काढला तर 'ÊÉ' सारखी कीड दिसते— पडद्यावर दिसते तशी सांगितली. मजकूर कन्व्हर्टरमधून काढून, नजरेखालून घालून, परत बसवावा लागतो. रफार आणि वेलांट्या हमखास सरकतात. तोवर एखादं विंडोजचं यंत्र नेटला न जोडता कोपऱ्यात राहू द्या. काही सरकारी कामांना लागणारी डिजिटल सहीची टोकनं इथं त्रास देतात. आणि कुठल्या नोकरीच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच मागत असेल, तर तिथं तत्त्वज्ञान नको, सायबर कॅफेत जाऊन परीक्षा द्या.

मघाशी एका मैत्रिणीनं विचारलं, नवा लॅपटॉप हप्त्यावर मिळतोच की, हा खटाटोप कशाला. मिळतो. ज्याला इंजिनिअरिंगचं जड सॉफ्टवेअर चालवायचंय त्यानं घ्यावा, मी अडवणार नाही. पण फॉर्म भरायला, पीडीएफ वाचायला, अर्ज टाइप करायला, कविता लिहायला दोन वर्षं हप्ते? तिचे वडील आणि मी एकाच पाळीत असतो. आमच्या हप्त्यांचा हिशोब मला पाठ आहे.

या खोलीच्या कपाटात तीन लॅपटॉप पडलेत. एकाचं बिजागर तुटलंय, एक चार्जरविना आहे, तिसऱ्यावर चिठ्ठी चिकटवलीय, 'स्लो'. येत्या रविवारी दहा वाजता तिन्ही उघडायचे. ज्यांच्या घरी असा एखादा पडलाय त्यांनी तो चार्जरसकट आणावा, फाइलींच्या दोन कॉपी करूनच. ८ जीबीचे रिकामे पेनड्राइव्ह तीन-चार लागतील. डेबियनची फाइल मी आधीच उतरवून, टॅली करून आणतो, डेटाची चिंता नको. स्क्रू ठेवायला डब्यांची झाकणं आणा, प्रत्येक यंत्राला वेगळं झाकण. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडं एकच आहे, छोटा फिलिप्स, आणि तो मी हातात धरणार नाही. ज्यांनी आजपर्यंत एकही यंत्र उघडलेलं नाही त्यांनी पुढं बसायचं.